हँडलला बांधलेला थर्मामीटर

बाळाच्या खोलीतला थर्मामीटर मोटारसायकलच्या हँडलला दोरीने बांधलेला होता आणि नवरा त्याच्यासमोर उकिडवा बसून टक लावून बघत होता. जशी काही गाडीच बाळंत होणार होती.

"जवळ येऊ नकोस," तो म्हणाला. "तुझ्या अंगाच्या उष्णतेने आकडा बदलेल."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खांद्यावर पोर किरकिरत होती. चार दिवस हेच चाललं होतं. अंग गरम, मानेवर बारीक पुरळ, दूध तोंडात धरायची नि सोडून रडायची. डॉक्टरांना कारण सापडेना. आज उतार पडला नाही तर उद्या रक्त काढू, म्हणाले होते. एवढ्याशा हातातून रक्त! तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. आणि पोरीचा बाप? नव्या गाडीच्या पडद्यावर हवेचं तापमान दिसतं, ते खरं की खोटं याचा छडा लावत होता.

"आण तो इकडे. खोलीत किती आहे ते कळल्याशिवाय हिला घालू काय?"

त्या काचेच्या नळीवर तिचा सगळा कारभार चालायचा. पंचविसाच्या खाली गेलं की टोपी-मोजे, बाविसाच्या खाली गेलं की वरून लोकरीचा स्वेटर. मागच्या आठवड्यात तो खिळ्यावरून खाली पडला, तेव्हा काच फुटली नाही म्हणून तिने हुश्श केलं होतं. त्यानंतरच तर ही थंडी पडली. नवरा "उकडतंय" म्हणत बनियनवर हिंडत होता, पण त्याची कातडी मुळातच जाड.

"अगं, बघ तरी. गाडी रात्रभर बंद, इंजिन थंडगार. तरी ती अठ्ठावीस दाखवते आणि हा वीस. आठ अंशांनी खोटी! शोरूमवाल्याला सोडत नाही आता."

"एकदाचा निकाल लाव नि ऊठ!" ती कडाडली. "वितळत्या बर्फात शून्य आलं की थर्मामीटर खरा. कॉलेजात पहिल्या वर्षाला केलाय मी हा प्रयोग. मग जा खुशाल भांडायला, पण आमचं डोकं खाऊ नकोस."

एका हाताने पोर सावरत तिने बर्फ फोडला, पेल्यात पाणी घालून ढवळला आणि थर्मामीटर आत उभा केला. दोघं वाकून बघत राहिली. लाल रेघ उतरत गेली. शून्यावर आली. थांबली नाही.

उणे आठ.

"म्हणजे गाडी बरोब्बर!" नवरा खुशीत ओरडला.

तिने थर्मामीटर उजेडात धरला. नळीच्या पार वरच्या टोकाला लाल रेघेचा तुटका तुकडा अडकून बसला होता.

ती तिथेच फरशीवर बसली. पोरीला मांडीवर घेऊन तिने टोपी काढली. मोजे काढले. स्वेटर, आतलं दुपटं, मग झबलं. झबलं पिळलं असतं तर पाणी निघालं असतं.

पोरीने उघडे पाय हवेत झाडले आणि रडता रडता मध्येच थांबली. एकदाचं कुणीतरी ऐकलं म्हणून.