अकरावं मत

पहिला ठोसा कानावर बसला. दुसऱ्यानं ती इस्त्रीच्या टेबलावर आदळली आणि लोकांचे परीटघडीचे शर्ट रक्तानं माखले.

“बोल! उद्या ‘हो’ म्हणणार ना?” दादा ओरडला.

ती बोलली नाही. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण चौदा दिवसच वाढवायचा, असा नियम होता. तो अठ्ठावीस दिवसांचा करावा का, हे सरकारला एकदाचं साध्या माणसांना विचारावंसं वाटलं. चिठ्ठ्या टाकून अकरा जण निवडले, त्यात या लाँड्रीवालीचं नाव निघालं. मत देईपर्यंत घरात याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, काढलं तर मत बाद, अशी शपथ तिनं घेतली होती.

दादाला शपथेचं काय! त्याची मुलगी उघड्या कण्यानं जन्मली होती. कणा त्या चौदा दिवसांनंतरच घडायला लागतो, म्हणून मुदत वाढली तरच या दोषावर संशोधन होईल, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहीण गप्प म्हणजे बहीण विरोधात, असं तो धरून चालला. त्यानं तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार आपटलं. करंगळी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तरी तिनं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मतदानाआधी मंडळाच्या अध्यक्षबाईंनी एकेकाला विचारलं, “कुणी धाकदपटशा केला का? केला असेल तर तुमचं मत धरता येणार नाही.”

‘जिन्यावरून पडले,’ हे वाक्य तिनं रस्ताभर घोकलं होतं. भाचीवर तिचा फार जीव होता. पण समोर दहा माणसं बसली होती, आणि दारं त्यांच्याही घरांना होती. आज हे खपलं, तर उद्या कुणाचंही बोट मोडून हवं ते मत काढून घेता आलं असतं. तिला दादाचा भयंकर संताप आला.

“भावानं मारलं,” ती म्हणाली.

तिला बाहेर बसवलं. मतं पडली पाच विरुद्ध पाच. बरोबरी झाली, म्हणून जुना नियम कायम राहिला.

निकाल ऐकून दादा फाटकापाशी तिच्या अंगावर धावला. “म्हणालीस ना शेवटी ‘नाही’? माझ्या पोरीचा गळा कापलास!” त्यानं मूठ उगारली. ती जागची हलली नाही.

“माझं मत बाद झालं, दादा. आता सांगायला मी मोकळी आहे,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून माझं ‘हो’च होतं.”