पार्ट जर्मनीहून यायचाय

“एअर सस्पेन्शन सांगून झालं, टर्बो सांगून झाला. आणखी काय बिघडतं या गाडीत?” महिपतीरावांनी विचारलं.

तालिबनं हातातला पाना खाली ठेवला. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. स्टुलावर बसलेला हा म्हातारा हल्ली रोज यायचा, आणि गाडी न आणता यायचा.

“काय बिघडत नाही ते विचारा काका. लवकर उरकेल.”

“मस्करी नको. कात्रजहून धक्के खात येतो मी.”

“मग गाडी आणा ना! पेशंट न बघता औषधं कुठवर सांगू?”

“सांगितलं ना, हुबळीच्या पुढं बंद पडलीय. सुदर्शन तिथंच अडकलाय.”

सुदर्शन म्हणजे महिपतीरावांचा एकुलता एक. आठ सिलिंडरची ती जुनी जर्मन गाडी घेण्याआधी त्यानं तालिबला दाखवली होती. तालिबनं अक्षरशः हात जोडले होते, घेऊ नको म्हणून. त्यानं घेतलीच.

कोटीची गाडी काही वर्षांनी अठरा लाखांत मिळते, म्हणून ही पोरं भुलतात. स्वस्त होते ती गाडी. तिचे पार्ट नाही होत, ते मरेपर्यंत कोटीच्याच गाडीचे राहतात. हे विकणारा सांगत नाही, कर्ज देणारा सांगत नाही, आणि मोबाईलवर तिचे व्हिडिओ टाकून पोरांची डोकी फिरवणारे भाडखाऊ तर मुळीच सांगत नाहीत.

“त्याला म्हणावं, गाडी दे टाकून आणि बस पकडून ये. काकूंचं सोमवारी ऑपरेशन ना?”

“हो. हृदयाची झडप बदलायचीय. ती हटून बसलीय, सुदर्शनला बघितल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही म्हणते. आणि डॉक्टर म्हणतात, आता थांबलात तर हातची जाईल.”

“आणि साहेब गाडीपाशी बसलेत.”

“तिला काहीतरी पटेल असं सांगायला हवं. ऑपरेशन होईपर्यंत पुरेल असं. जरासुद्धा धक्का सोसायचा नाही तिला.”

तालिबच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. “म्हणजे पोरगा यायचंच नाव घेत नाही, आणि तुम्ही गाडीवर ढकलताय. असंच ना?”

महिपतीराव खाली ठेवलेल्या पान्याकडे बघायला लागले.

“फोन लावा त्याला. मी बघतो.”

“लागत नाही.”

“लागेल कसा! आई मरायला टेकलीय आणि याला...”

“तालिब.” म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला. “तू फक्त गाडीचं सांग.”

तालिबनं मान हलवली. कापडाला हात पुसत तो म्हणाला, “मग ब्रेक सांगा. पुढच्या दोन डिस्क आणि पॅड, दीड लाख. सगळे तोच खर्च टाळतात. पळवायची दोनशेनं आणि ब्रेक मात्र...”

“ब्रेक नको!”

शेजारचा वेल्डिंगवाला चष्मा वर करून बघायला लागला. महिपतीरावांनी गुडघ्यावरचे हात आवळले होते. “ब्रेक नको. दुसरं काही सांग.”

“बरं, गिअरबॉक्स. आत एक कंट्रोल युनिट असतं. ते गेलं की गाडी जागची हलत नाही. चार लाख धरा. पार्ट जर्मनीहून येतो. पंधरा दिवस कुठं गेले नाहीत.”

“कंट्रोल युनिट. चार लाख. पंधरा दिवस.” शाळेतल्या पोरासारखं घोकत महिपतीराव उठले.

“आणि काका, ती दाढी करा. काकूंसमोर असं तोंड घेऊन जाता?”

“उद्या करणार आहे,” ते म्हणाले आणि स्टॉपच्या दिशेनं चालायला लागले.

घरी दुर्गाबाई खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांचा मोबाईल डॉक्टरांचं नाव सांगून काढून घेतला होता, टीव्हीही बंद केला होता. सोसायटीत खाली बजावून ठेवलं होतं, वर कुणी यायचं नाही. वारज्याची पुतणी श्रद्धा तेवढी मदतीला राहिली होती. काका आत आलेले बघून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ मोठा सोडला.

“आज काय गेलं?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“गिअरबॉक्स.”

“काल टर्बो होता.”

“तो झाला. आता गिअरबॉक्समधलं कंट्रोल युनिट. गाडी जागची हलत नाही.”

“कितीला?”

“चार लाख. पार्ट जर्मनीहून यायचाय. पंधरा दिवस तरी लागतील.”

“चार लाखांत आपण हे घर घेतलं होतं हो.”

“तेच म्हणतो मी. त्याच्या नादाला लागू नकोस. सोमवारी ऑपरेशन उरकून टाकू. तू उठून बसेपर्यंत पार्ट आलेला असेल.”

दुर्गाबाई बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्याच्या तोंडाकडे, मग मळलेल्या कॉलरकडे. शेवटी त्यांनी पांघरूण सारखं केलं.

“बरं. सोमवारी करू.”

महिपतीरावांनी खुर्चीचा हात धरला आणि ते सावकाश खाली बसले. काम झालं होतं. आता फक्त आवाज सांभाळायचा होता.

“उद्या सकाळी मी जरा वारज्याला दादांकडे जाऊन येतो. श्रद्धा आहे तुझ्याजवळ.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

दुर्गाबाईंनी हात पुढे करून नवऱ्याचं मनगट धरलं. “उद्या सुदर्शनचा दहावा ना? मलाही घाटावर न्या. पानात त्याच्या आवडीचं काय ठेवायचं, ते तुम्हाला नाही कळायचं.”