नोकरीचा रकाना

तहसील कचेरीत छत्तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या नंदकिशोररावांनी लेकाच्या, अनिमेषच्या, लग्नाचा बायोडाटा तिसऱ्यांदा छापून आणला. आधीचे दोन गठ्ठे पोराची नोकरी बदलल्यानं रद्दीत गेले होते. म्हणून या खेपेला त्यांनी नोकरीचा रकाना कोराच छापला आणि पेन्सिलनं भरला.

ढाणकीला ते नोकरीवाल्या आभाचं स्थळ पाहायला गेले. हातात चहाचा कप असतानाच पोराचा मेसेज आला, "बाबा, हेही काम बंद झालं."

नंदकिशोरराव ओशाळले. आभाच्या वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमच्यापासून काय लपवाचं? हे नोकरीचं खोडा लागन. घरात खोडरबर आहे काय?"



आभाच्या वडिलांनी स्वतःच्याच खिशातलं, अर्धं झिजलेलं खोडरबर पुढं केलं.