घरबसल्या

क्रांती सहा वर्षं अर्ज करत होती. कोल्हापुरातल्या त्या जुन्या संग्रहालयाला सात दगडी पायऱ्या, आणि तिच्या चाकाच्या खुर्चीला त्यातली एकही चढता येत नव्हती. तिथले मुख्य साहेब दर वेळी तेच ऐकवायचे, "ऐतिहासिक वास्तू आहे, बाई. साधा उतार केला तरी शोभा जाते."

शेवटी २००६ साली साहेबांनी अख्ख्या संग्रहालयाची सीडी काढली. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की एकेक दालन फिरून बघता यायचं. पायऱ्यांखालच्या मांडवात मंत्र्यांनी पहिली सीडी क्रांतीच्याच हातात दिली. फोटो निघाले.

"आता घरबसल्या सगळं बघा," साहेब म्हणाले.

मग मंत्री वर चहाला गेले. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांच्यासाठी पायऱ्यांवर फळ्यांचा उतार ठोकून वर लाल गालिचा अंथरला होता. क्रांतीनं खुर्ची त्या उताराच्या पायथ्याशी आणून उभी केली.

मंत्र्यांची गाडी गेली तशी मांडववाल्यानं गालिचा गुंडाळला आणि तो फळ्यांना हात घालणार, तेवढ्यात क्रांतीनं खुर्ची फळ्यांवर चढवली.

"ताई, बाजूला व्हा की. फळ्या काढायच्या हायत."

"न्हाय काढायच्या. मागनं ढकल जरा."

साहेब धावत आले. तिनं सीडी त्यांच्या हातात कोंबली.

"ही न्या, साहेब. घरात बसून बघा. मी वर जाऊन येतो."