ऐकताय ना

रेडिओ स्टेशनच्या मालकाने आत्याच्या रेकॉर्ड केलेल्या वाक्यामधली रिकामी जागा कापली, तेव्हा आत्याची मुलगी त्याच्या खुर्चीमागेच उभी होती. त्याला पत्ता नव्हता.

"तेच कापू नका म्हणून सांगायला आलेय," ती म्हणाली.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे, एक कॉम्प्युटर, गच्चीवर अँटेना. एवढंच ते जुन्या गाण्यांचं रेडिओ स्टेशन. मालक, इंजिनीयर आणि झाडू मारणारा, तिन्ही हा एकटाच. निवेदन करायची ती आत्या. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. ती जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी रोज कामावर होती. आजारपणात घरी बसून तिने शेकडो गाण्यांच्या आधीची वाक्यं रेकॉर्ड करून दिली होती. मेलेली निवेदिका रजा मागत नाही, पगारवाढ मागत नाही, घसा बसला म्हणत नाही. असली माणसं मालकांना फार आवडतात.

गाणं संपलं की आत्या विचारायची, "ऐकताय ना?" मग जरा थांबायची. मग म्हणायची, "मग हे ऐका." गावाला वाटायचं, आपल्यालाच विचारतेय. खुळं गाव. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याला तिने जन्मात नावाने हाक मारली नव्हती. ती त्याला विचारायची. तो घरी रेडिओसमोर बसून "हो गं" म्हणायचा. त्या "हो गं"पुरती ती जागा होती.

गेल्या महिन्यापासून मालक त्या जागा कापत सुटला होता. वाचलेल्या वेळात आणखी एक जाहिरात बसत होती.

मुलीने सगळं उभ्यानेच सांगितलं. बाबांचं "हो गं" आता अर्ध्यात तुटतं, आई पुढे निघून जाते. आधी ते रेडिओवर चिडले. आता म्हणतात, तिला घाई झालीय, ती मला बोलावतेय. घरी एकटेच आहेत, सकाळपासून पायात चपला घालून बसलेत. अन्नाला शिवले नाहीत. जेवायला बसलो तर ती मला सोडून जाईल, म्हणतात.

"म्हाताऱ्यांचं असंच असतं," मालक म्हणाला.

"म्हाताऱ्यांच्याच जिवावर चाललंय तुमचं दुकान."

हे त्याला लागलं. त्याने खुर्ची फिरवली आणि तिला रेडिओ शिकवायला घेतला. शांतता आपल्याला परवडत नाही. आवाज थांबला की मशीनला वाटतं स्टेशन बंद पडलं, मग ते आपणहून राखीव गाणं लावून टाकतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही.

शेवटी त्याने मूळ फाइल उघडली. पडद्यावर आत्याचा आवाज डोंगरासारखा उठला होता, मग एक सपाट रेघ, मग पुन्हा डोंगर. रेघेत काही म्हणजे काही नव्हतं. त्याने आवाज पूर्ण वाढवून ते तिला ऐकवलं.

"ही घ्या तुमच्या आईची शांतता," म्हणत त्याने ती जशीच्या तशी परत जोडली.

"आता जेवतील," ती म्हणाली आणि पहिल्यांदा स्टुलावर बसली. तिला हसूही आलं. बाबा म्हणजे मुलखाचे चेंगट, तिने सांगितलं. कुठे निघाले आणि दारात असताना घरातला फोन वाजला की चपला फरफटत परत आत. आई जिन्यात ताटकळलेली. जोडीने कुठे वेळेवर पोचलेत असं एकदाही झालं नाही.

गाणं संपलं.

"ऐकताय ना?"

मुलीचे ओठ हलले. हो गं.

पण आत्या पुढे बोलेना. मालकाने पडद्याकडे पाहिलं. फाइल सपाट रेघेवर अडून उभी होती. एव्हाना राखीव गाणं लागायला हवं होतं. लागलं नाही. आवाज मोजणारी हिरवी पट्टी मात्र हलत होती. वर गेली, खाली आली. जरा थांबून पुन्हा वर. स्पीकरमधून काहीच ऐकू येत नव्हतं आणि मशीनच्या मते कुणीतरी बोलत होतं. आधी एक जण, मग दुसरं.

"बाबा एवढं कधी बोलत नाहीत," मुलगी म्हणाली.

तिने घरी फोन लावला. तिच्या कानात घंटी वाजू लागली. आणि स्पीकरमधून घरच्या फोनची खरखरीत घंटी वाजू लागली. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

मालकाचा हात माउसवर होता. महिनाभर जागा कापत आलेला हात. तो तसाच राहिला.

स्पीकरमध्ये चपला फरफटल्या. आधी लांबून, मग जवळून. त्या परत आत येत होत्या.

"उचला बाबा," ती म्हणाली. "उचला ना."

चपला थांबल्या. घंटीच्या अगदी जवळ.

"अहो," आत्या म्हणाली. हा शब्द तिने रेडिओवर कधी वापरला नव्हता. "वाजू द्या. चला."

दाराला बाहेरून कडी लागली. पडद्यावरची रेघ पुढे सरकली. "मग हे ऐका," आत्या नेहमीच्या आवाजात म्हणाली आणि गाणं सुरू झालं. मुलीच्या कानाशी घंटी वाजतच राहिली.