दोऱ्यावाले

माऊलीची दुधाची बाटली सापडत नव्हती, आणि ओमप्रकाशची आई आसराबाई दिवाणावर मांडी घालून नुसत्या बघत होत्या.

ओमप्रकाशने ऋषीला काखेत धरलं आणि मोकळ्या हाताने ओट्यावरचं एकेक भांडं उचलून पाहिलं. माऊली सतरंजीवर पालथा पडून भुकेने रडत होता. अकरा वाजले होते. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे त्याचं दूध साडेदहाला होतं. शेवटी ऋषीचीच बाटली उकळून त्याने वेळ निभावली.

तक्ता मात्र मोठ्या झोकात होता. बायकोची, मोनिकाची, बाळंतपणाची रजा संपली, तिची बँकेतली नोकरी पक्की, याची बियाणे कंपनीतली हंगामी. म्हणून घरी तो राहिला. कंपनीत तो वाणांचे प्लॉट सांभाळायचा, त्याच शिस्तीने त्याने सात महिन्यांची जुळी पोरं सांभाळायला घेतली. ऋषीचा एक रकाना, माऊलीचा एक. दूध, शी, झोप, औषध. पोरं इतकी सारखी की मोनिकाचीही गफलत व्हायची. म्हणून नजरेसाठी बांधलेले काळे दोरे त्याने खुणेच्या कामाला लावले. ऋषीचा डाव्या पायात, माऊलीचा उजव्या. पाय भरतील तसा दोरा सैल करता यावा म्हणून सरकगाठ. ही युक्ती त्याने शेजारणीला दोनदा समजावून सांगितली होती. तिने एकदाही विचारली नव्हती.

चार वर्षांच्या आकांक्षाला रकाना नव्हता. ती शहाणी आहे, तिचं काही बघावं लागत नाही, असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. आज पोट दुखतं म्हणून ती बालवाडीत गेली नव्हती, पण दुखऱ्या पोटाने सकाळपासून घरभर फिरत होती.

आसराबाई परवाच मंठ्याहून आल्या होत्या. पुरुषाच्याने तीन पोरं सांभाळणं होत नाही, थोरलीला वर्षभर मंठ्याला नेते, नवरा, त्रिंबकराव, वारल्यापासून घर मोकळंच पडलंय, असं त्यांचं म्हणणं. ओमप्रकाशला पोरगी पाठवायची नव्हती. सकाळी चहाच्या वेळी आसराबाईंनी शर्तच लावली.

"आज मी कशाला हात लावणार न्हाई. पाचच्या गाडीपर्यंत तुझं सगळं बराबर झालं, तर पोरगी तुझी. न्हाई झालं, तर दोऱ्यावाले दोघं तू सांभाळ, बिनदोऱ्याची मी नेते."

ओमप्रकाशने लगेच कबूल केलं. त्याचा तक्त्यावर भरवसा होता. मोनिकाने डबा पिशवीत टाकला, दूध-बिस्किट खाणाऱ्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती बँकेत गेली.

बाटलीनंतर बारा वाजता माऊलीचा खुळखुळा गेला. दोन वाजता त्याची कानटोपी. ऋषीची एकही वस्तू हलली नव्हती. कंपनीच्या शेतात उंदरांनीही एवढं पद्धतशीर काम कधी केलं नव्हतं. तीनला लंगोट बदलताना ओमप्रकाशचा हात थांबला. माऊलीच्या उजव्या पायात दोरा नव्हता.

त्याने दुपटी झटकली, लंगोटांची बादली उपसली. पोराने गिळला की काय या धास्तीने त्याच्या तोंडात बोटही घालून पाहिलं. माऊलीने ते बोट आनंदाने चोखलं.

"काय शोधून राह्यलास?" आसराबाईंनी विचारलं.

दोऱ्याचं काही अडत नाही, असं त्याने आईला मोठ्याने सांगितलं. डाव्या पायात दोरा तो ऋषी, उरला तो माऊली. एका खुणेवर दोन्ही ओळखू येतात. पण आसराबाईंच्या लेखी दोरा हरवणं म्हणजे पोराची राखणच हरवणं होतं.

चार वाजता त्यांनी पोरीचे फ्रॉक काढून द्यायला सांगितलं. शर्त शर्तच होती. ओमप्रकाश कपाटासमोर बसला. तिचा आवडता फ्रॉक कोणता, हे आपल्याला माहीत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. ऋषीला कोणत्या कुशीवर झोप लागते हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्याने हाताला आले ते चार फ्रॉक घडी घालून आईपुढे ठेवले.

आसराबाईंनी आपल्या पिशवीची चेन उघडली. लुगड्यांवर दुधाची बाटली होती. तिच्याशेजारी खुळखुळा, कानटोपी आणि कसेबसे घडी घातलेले दोन लंगोट.

दारामागून आकांक्षा पुढे आली. तिने पायजम्याचा उजवा पाय वर ओढला. पोटरीखाली काळा दोरा घट्ट बसला होता.

"आजी, आता मी दोऱ्यावाली हाय. माऊलीला दोरा न्हाई, त्याला ने. त्याचं सगळं भरलंय मी."

ओमप्रकाशने तिला ओढून मांडीवर घेतलं. दोऱ्याचा लाल वळ उठला होता. त्याने सरकगाठ सैल केली, दोरा मात्र काढला नाही. तू कुठे जायची नाहीस, असं त्याने तिला सांगितलं. माऊली? तोही नाही.

आकांक्षाने जरा विचार केला.

"मंग आजी एकटीच जाणार?"

त्रिंबकराव जाऊन दोन वर्षं झाली होती. हा प्रश्न या घरात कुणी विचारला नव्हता. आसराबाईंनी पिशवीतून बाटली काढली, खुळखुळा काढला, कानटोपी काढली. मग लुगडीही बाहेर काढून दिवाणावर ठेवली आणि आपला भेगाळलेला पाय लेकापुढे लांब केला.

"ओमा, दोरा उरलाय का रे? मलाबी बांध."