धुतलेला स्पंज

तपासणीच्या काचेच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. टाकीत अमोनिया वाढला होता. गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडमीट करत होता.

नवी टाकी घरात मांडून चाळीस दिवस मासा नीट जगवला, तरच केंद्रातल्या कृत्रिम गर्भाशयात वाढलेलं बाळ आईबापांच्या हाती मिळायचं. आज एकोणचाळिसावा दिवस होता.

"आई, फिल्टरला हात लावलात का?" शाल्मलीने सासूबाईंना विचारलं.

"स्पंज नुसता बुळबुळीत झाला होता गं. उद्या तपासायला माणसं येणार, म्हणून साबण लावून स्वच्छ धुतला."

अमोनिया संपवणारे जिवाणू त्या बुळबुळीत थरातच होते. पाच आठवडे शाल्मलीने ते जपले होते. तिने घाईघाईने अर्धं पाणी बदललं, पण टाकीतल्या यंत्राने पाण्याची खबर आणि घरातलं बोलणं केंद्राला केव्हाच कळवलं होतं. फोन आलाच. तिचे हात ओले होते, म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

"ताई, चूक तुमची नाही," केंद्रातल्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पण न विचारता मायेने काहीही करणारं माणूस घरात असेल, तर आम्ही बाळ देत नाही. सासूबाईंची सोय दुसरीकडे होईल?"

सासूबाई आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. शाल्मली रिकाम्या पाळण्याकडे बघत राहिली.

"होईल," ती म्हणाली.

"बाळाची दुपटी वरच्या कप्प्यात आहेत गं," आतून सासूबाई म्हणाल्या. "नवी आहेत, धुवायला हवीत. मी हात लावलेला नाही."